नवी कॅम्पर व्हॅन, पहिली सहल: ठाणे ते भंडारदरा (आणि पहाटे तीनला वाजणारी मोटर)

चाकावरचं घर | मंगळवार, रात्री १०.५०

मंडळी, नमस्कार. ‘घ्यावी की भाड्यानेच फिरावं’ या माझ्या मागच्या धाग्यावर भरपूर काथ्याकूट झाला होता. बहुमत ‘घेऊ नकोस’ असं होतं, म्हणून घेतली.

गाडी म्हणजे घोडबंदर रोडवर शाळेची बस किंवा ॲम्ब्युलन्स म्हणून रोज दिसते तीच उंच टपाची डिझेल व्हॅन, आतून घर केलेली. मागे आडवा पलंग, मध्ये समोरासमोर बाक (टेबल खाली केलं की दुसरा पलंग), छोटा ओटा, इंडक्शन, फ्रीज, कपाटाएवढी मोरी. पाण्याची टाकी १०० लिटरची, लिथियम बॅटरी २०० अँपिअर-अवरची, टपावर ४०० वॉटचं सोलर. माणसं पाच: मी, बायको, आई (वय ७१), कन्या तेरा वर्षांची, चिरंजीव सात.

पहिली चूक गाडी हलायच्या आधीच झाली होती. बुकिंग करताना मी पार्किंगची जागा टेपने मोजली, लांबी मोजली, रुंदी मोजली. उंची मोजली नाही. आमच्या पोडियम पार्किंगच्या तोंडाशी गेली आठ वर्षं पाटी आहे, ‘कमाल उंची २.१ मीटर’. गाडी टपावरच्या झरोक्यासकट २.८५. पहिल्या दिवशी वॉचमनने पाटीकडे बोट दाखवलं आणि मी ती पाटी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. सध्या गाडी गेटपाशी जनरेटर रूमच्या बाजूला उघड्यावर उभी आहे. सेक्रेटरींनी तीन महिन्यांची सवलत दिली आहे, पुढचं जनरल बॉडीत.

सहल शुक्रवार ते रविवार. माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, पडघा, शहापूर, कसारा घाट, घोटी आणि तिथून आत वळून बारीवरून शेंडी, म्हणजे भंडारदऱ्याचं गाव. दीडशे किलोमीटरच्या आसपास. सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो सव्वानऊला. साकेत पुलावर कंटेनरने कट मारला म्हणून ब्रेक दाबला, तर ओट्याखालचा ताटांचा खण उघडून सगळी ताटं पळत पळत माझ्या सीटपर्यंत आली. त्याला कुलूपवजा खिट्टी असते आणि ती लावायची असते, हे मला माहीत होतं. गाडी ताब्यात घेताना त्या माणसाने दाखवलं होतं. पण निघताना प्रत्येक खण बघायचा, ही सवय नव्हती.

भंडारदऱ्याला पाण्याच्या काठाशी एका शेतकऱ्याच्या जागेत मुक्काम ठरवला होता. प्लगची सोय, संडास-बाथरूम, सांगितलं तर जेवण. मी आंब्याखालची छान सावलीची जागा बघून गाडी लावली. समोर धरणाचा आर्थर लेक, पलीकडे रतनगडाची रांग, संध्याकाळी पाणी अगदी स्थिर. तिथपर्यंत सगळं जाहिरातीतल्यासारखं होतं.

रात्री एकाच्या सुमारास आईने हाक मारली. “अरे, मोटर मधूनमधून वाजतेय.” मी ऐकलं. घुर्र, दोन सेकंद. बंद. म्हटलं, “फ्रीज आहे गं, झोप.” तीनला परत हाक. “फ्रीज असा नाही वाजत. आपल्या बिल्डिंगची टाकी गळत होती तेव्हा पंप असाच वाजायचा.” मी म्हटलं, “आई, ही बिल्डिंग नाही.”

सकाळी सहाला नळ उघडला. फुस्स. रात्री झोपताना टाकीत साधारण ४० लिटर होतं. सिंकखालचा एक सांधा प्रवासाच्या हादऱ्याने ढिला झाला होता आणि पाणी ओट्याखालून, फरशीच्या कडेने, मागच्या पलंगाखालच्या पेटीत शिरलं होतं. त्या पेटीत आईने स्वतः शिवलेल्या दोन गोधड्या होत्या.

शनिवार संध्याकाळी बॅटरी १८ टक्क्यांवर आली, तो वेगळाच घोळ. प्लग होता, पण आमची एक्स्टेन्शनची रीळ हाताला चटका बसेल एवढी तापली, म्हणून काढून टाकली.

तरी मजा आली, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी गाडीचं मागचं दार उघडं टाकून धरणाकडे बघत चहा प्यायलो, तेवढ्यासाठी परत जाईन. पण जाणकारांनी सांगा: बॅटरीचा हिशेब कुठे चुकला? असं गळकं पाणी आधीच कसं पकडायचं? आणि घाटात गाडी मागून हलल्यासारखी का वाटते? विचारतोय कारण पुढची सहल होळीच्या सुट्टीत ठरली आहे.

---

नुसता वाचक | मंगळवार, रात्री ११.१५

पहिला! फोटो कुठे आहेत?

---

सानपाड्याची काकू | मंगळवार, रात्री ११.३२

आईंना माझा नमस्कार सांगा. गोधड्या वाळल्या का?

---

बॅटरीबुवा | बुधवार, सकाळी ७.०५

रोज कारखान्यात हेच करतो, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

तुमची बॅटरी १२.८ व्होल्टची धरली तर २०० गुणिले १२.८, म्हणजे २५६० वॉट-अवर. घरच्या बिलाच्या भाषेत अडीच युनिट. पाच माणसांच्या घरात एवढी वीज सकाळी दहाच्या आत संपते. तेवढ्यात तुम्ही दोन दिवस काढायला निघालात.

आता खर्च. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण अर्धा-पाऊण युनिट खातो. इंडक्शन १८०० वॉटवर वीस मिनिटं, ०.६ युनिट. दिवे आणि पंखा किरकोळ. आणि एक छुपा गिऱ्हाईक असतो, तो म्हणजे इन्व्हर्टर. काहीही न लावता नुसता चालू ठेवला तरी १५-२० वॉट घेतो. चोवीस तास चालू राहिला तर जवळजवळ अर्धं युनिट गेलं, कामाविना. तुम्ही रात्री बंद केला होता का?

सोलरचं तर विचारतच नाही. आंब्याखाली गाडी लावलीत म्हणता. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन धाडकन उतरतं, तुम्ही अख्खी गाडी सावलीत घातलीत. थंडीत ४०० वॉटला उघड्यावर दिवसाला सव्वा ते दीड युनिट सहज मिळालं असतं.

रीळ तापली कारण तुम्ही ती पूर्ण उलगडली नाहीत. बरोबर ना? गुंडाळलेल्या वायरीला उष्णता बाहेर टाकायला वाट नसते. पंधरा मीटर लागो वा पाच, सगळी वायर सोडायची. आणि वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, लग्नाच्या लायटिंगची नको.

---

चाकावरचं घर | बुधवार, सकाळी ८.४०

बुवा, दंडवत. इन्व्हर्टर तीन दिवस चालू होता. रीळ तीन वेढे सोडून बाकी गुंडाळलेली होती. तुम्ही तिथे झाडामागे उभे होतात का?

---

खोपट डेपो | बुधवार, सकाळी ९.२०

एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी ठाणे-नाशिक मार्गावर. गाडी मागून का हलते ते सांगतो.

तुम्ही १०० लिटर पाणी घेऊन कसारा चढलात. एक लिटर म्हणजे एक किलो. क्विंटलभर वजन, आणि तेही टाकी मागच्या चाकाच्या मागे असेल तर गाडीचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग पोकळ लागतं. त्यात वाटेत कुणी हातपाय धुतले असतील, टाकी अर्धी झाली असेल. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर डचमळतं आणि तुम्ही वळून सरळ झालात तरी ते नंतर धक्का देतं. टँकरवाल्याला विचारा, तो भरलेल्या टँकरपेक्षा अर्ध्या टँकरला जास्त घाबरतो. मुक्कामाला पाणी मिळणार असेल तर वाटेपुरतं वीस-तीस लिटर न्या. जड डबे, कुकर, पिण्याच्या पाण्याचा कॅन सगळं खाली आणि दोन चाकांच्या मध्ये. वरच्या फडताळात फक्त कपडे.

उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून कसारा उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून मऊ होतील. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे नवीन लोकांना कुणी शिकवत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेपूट. या गाड्यांचं मागचं अंग चाकाच्या बरंच मागे जातं. तुम्ही डावीकडे वळलात की शेपूट उजवीकडे फेकलं जातं. बाजूला रिक्षा उभी असेल तर तिचा आरसा गेला समजा. मोकळ्या मैदानात एक बादली ठेवून वळून बघा, कितीने फेकते ते डोळ्याने दिसतं. मागे घेताना माणूस उतरवा, आणि तो आरशात दिसेल असा उभा करा. गाडीच्या पाठीमागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडणारा माणूस काही कामाचा नाही.

---

ऐरोलीकर | बुधवार, सकाळी १०.०२

घाट नकोच असेल तर भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्ग धरायचा होता की. जून २०२५ पासून इगतपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आहे, पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा लागतच नाही.

---

खोपट डेपो | बुधवार, सकाळी १०.३०

नको असं नाही म्हणत. पण नवी गाडी, उंच टप, आणि तिथले उंच पूल. बाजूने ट्रेलर गेला की अशी गाडी आधी ओढली जाते, मग ढकलली जाते. पहिल्या सहलीला घाटात तीसने शिकलेलं बरं.

---

आगाऊ पाहुणा | बुधवार, दुपारी १२.१५

एवढ्या पैशात आयुष्यभर चांगल्या हॉटेलात राहता आलं असतं. हिशेब करा कुणीतरी.

---

नुसता वाचक | बुधवार, दुपारी १२.१७

आला हा. मागच्या धाग्यावर हेच चाळीस वेळा लिहून झालंय. उगाच वाद पेटवून धागा भरकटवू नका.

---

कळवा खाडी | बुधवार, दुपारी १.४०

माझे प्रश्न कागदांचे आहेत. लायसन्स कोणतं लागतं? पिवळी पाटी की पांढरी? आणि जुनी व्हॅन घेऊन आतून काम करून घेतलं तर चालतं का? सेकंडहँड एक बघून ठेवली आहे.

---

चाकावरचं घर | बुधवार, दुपारी ३.०५

कळवा खाडी, लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) चालतं. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं की झालं, आणि या गाड्या त्याच्या बऱ्याच खाली असतात. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येते, म्हणजे पांढरी पाटी. भाड्याने देणार असाल तर मग सगळंच वेगळं.

जुन्या गाडीचं मात्र जपून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केला की आरसी बुकावर नोंद करावी लागते. सीट काढून पलंग टाकला आणि आरसीवर अजून ‘१७ आसनी’ असेल, तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला तोच कागद मागेल. आरटीओत आधी विचारा, मग सुताराला बोलवा. आणि फास्टॅग कोणत्या वर्गाचा आहे ते बघून घ्या, जुन्या कारचा टॅग काढून या गाडीला चिकटवू नका.

अवांतर: राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे. त्यात वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. आम्ही गेलो त्या रस्त्याला मला तरी असं पार्क दिसलं नाही, म्हणून शेतकऱ्याच्या आंब्याखाली.

---

सुगरण नाही मी | बुधवार, रात्री १०.१०

मी या धागाकर्त्याची बायको. तीन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज खातं उघडलं, कारण वरचं वर्णन वाचून गप्प बसवेना.

सव्वानऊला निघालो ते माझ्यामुळे किंवा मुलांमुळे नाही. साहेब साडेसहापासून खाली गाडीचे फोटो काढत होते. असो.

बॅटरीचा हिशेब बुवांनी छान मांडलाय, पण त्यात एक वस्तू आलीच नाही, कारण धाग्यात ती लिहिलेलीच नाही. इलेक्ट्रिक किटली. १५०० वॉट. यांना दर दोन तासांनी चहा लागतो, आणि ‘गाडीत चहा करायची मजाच वेगळी’ म्हणून शेतावरच्या काकूंनी दिलेला चुलीवरचा चहा नाकारून किटली लावायचे. शनिवारी मी मोजली, सहा वेळा. आणि सासूबाईंनी शुक्रवारी रात्री चटणीसाठी मिक्सर मागितला, तर म्हणाले, “आई, मिक्सर नको, बॅटरी जाईल.” मिक्सर ७५० वॉटचा, चटणीला लागतात दोन मिनिटं. बुवा, तुम्हीच सांगा किती युनिट होतात ते.

आता घावन. शनिवारी सकाळी पाणी नाही, म्हणून शेजारून दोन कळशा आणल्या आणि सासूबाई घावन करायला बसल्या. पीठ तव्यावर टाकलं की सगळं डावीकडे. एका बाजूला जाळीदार, पातळ आणि करपलेलं, दुसऱ्या बाजूला इडलीएवढं जाड आणि कच्चं. तीन घावन असेच झाले. त्या तवा फिरवून बघतात, गॅस नाही म्हणून इंडक्शनला दोष देतात. शेवटी चौथ्याला त्यांनी पीठ टाकलंच नाही, तव्यात चमचाभर पाणी टाकलं आणि नुसत्या बघत बसल्या. पाणी डावीकडे. मग म्हणाल्या, “तवा नाही गं, गाडी वाकडी आहे.” म्हणूनच रात्री मुलगा सरकत सरकत माझ्या अंगावर येत होता आणि माझं डोकं सकाळी जड झालं होतं. डोकं उताराकडे करून झोपलो होतो आम्ही. मोरीतलं पाणी जाळीकडे न जाता दारातून बाहेर का येतं, तेही तेव्हाच कळलं. शेतावरचे काका घराचं बांधकाम करत होते, त्यांनी गवंड्याची पाणसळ आणली, ओट्यावर ठेवली, डाव्या चाकांखाली दोन फळ्या सरकवल्या. पाच मिनिटांचं काम. पाचवा घावन गोल आला.

आता मोटर. सासूबाईंना पहाटे तीनला जे कळलं ते यांना कळलं नाही, हे मी लग्नाच्या सोळा वर्षांत नवीन ऐकत नाहीये. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दोनदा उठल्या. पंपाचं बटण कुठे आहे हे त्यांना माहीत असतं तर त्यांनी एक वाजताच बंद केलं असतं आणि गोधड्या वाचल्या असत्या. ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. गाडी ताब्यात घेताना हे एकटे गेले, चार तास सगळं समजून घेतलं, व्हिडिओ काढला, आणि आम्हाला काय सांगितलं? “कशालाही हात लावू नका, मी आहे ना.” दाराजवळ अठरा बटणांचा फळा आहे. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं. सासूबाईंना चष्म्यानेही दिसत नाहीत.

गोधड्या अजून वाळतायत, सानपाडा काकू. आतला कापूस लवकर सुकत नाही.

---

नुसता वाचक | बुधवार, रात्री १०.२६

आज या धाग्याला खरी सुरुवात झाली. खुर्ची ओढून बसलो आहे.

---

बॅटरीबुवा | बुधवार, रात्री १०.४५

वहिनी, मिक्सर दोन मिनिटं म्हणजे ०.०२५ युनिट. किटली एका खेपेला सहा मिनिटं धरली तरी ०.१५, सहा खेपा म्हणजे ०.९. एका दिवसाच्या किटलीत तीन डझन वेळा चटणी वाटता आली असती. मी नुसते आकडे सांगतोय, बाजू घेत नाहीये.

---

चाकावरचं घर | बुधवार, रात्री ११.३०

कबूल. सगळं कबूल. फोटो मात्र पाऊण तासच काढत होतो.

---

कोपरखैरणेकर | गुरुवार, सकाळी ८.१५

पाण्याबद्दल थोडं. माझी छोटी कॅम्पर आहे, चार वर्षं झाली, दोनदा गळून झालीय.

या पंपाला प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की दाब भरून थांबतो. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच दोन सेकंद वाजला, तर कुठेतरी दाब निसटतोय, म्हणजेच गळतंय. आईंनी केलेलं निदान शंभर टक्के बरोबर होतं. गळती शोधायची पद्धतही हीच आहे: पंप चालू ठेवा, नळ बंद ठेवा, गाडीतलं बाकी सगळं बंद करा आणि दहा मिनिटं कान देऊन बसा. मग सांध्यांभोवती कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तो सांधा. क्लिप आवळायला एक पेचकस सिंकखालीच बांधून ठेवा. पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये गाडी सगळे स्क्रू ढिले करतेच, कोणत्याही कारागिराने केलेली असो.

रात्री झोपताना आणि गाडी चालू असताना पंप बंद. याला अपवाद नाही.

आणखी एक, टाकी भरायला बागेची हिरवी पाइप वापरलीत का? पाण्याला रबराचा वास मारतो आणि तो महिनाभर जात नाही. खाण्यापिण्यासाठी चालेल अशी वेगळी पाइप घ्या आणि तिचं दुसऱ्या कशाला तोंड लावू देऊ नका. केस धुवायला कन्येला बादली-तांब्या द्या. शॉवर मिनिटाला पाच-सहा लिटर ओततो. ताटं आधी कागदाने पुसून मग धुतलीत तर निम्म्या पाण्यात होतात.

---

सानपाड्याची काकू | गुरुवार, सकाळी ९.४०

इंडक्शनऐवजी छोटा पाच किलोचा गॅस का नाही ठेवत? बॅटरीची कटकटच नाही, घावनही चांगले होतील.

---

कोपरखैरणेकर | गुरुवार, सकाळी ९.५५

ठेवता येतो, पण नुसता ओट्याखाली ढकलून नाही काकू. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो आणि गाडीत त्याला बाहेर जायला वाटच नसते. सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक लागतं. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद, सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला. हे सगळं नीट करून मिळत नसेल तर बाहेर टेबल मांडून शेगडी लावा, हवाही छान असते. आणि थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी आत घेऊन झोपू नका.

---

बॅटरीबुवा | गुरुवार, सकाळी १०.२०

प्लगचं एक राहिलं. शेतावरच्या प्लगला अर्थिंग असतंच असं नाही. तुमची गाडी पत्र्याची, खाली ओलं गवत, मुलं अनवाणी. तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर येतो, तो आधी लावून बघायचा, मग गाडीची वायर. आणि गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही ते बघा. नसेल तर होळीच्या आधी बसवून घ्या.

---

कळवा खाडी | गुरुवार, दुपारी १२.३०

सगळे सभ्यपणे टाळत आहेत म्हणून मीच विचारतो. संडासाचं काय?

---

चाकावरचं घर | गुरुवार, रात्री ९.५०

विचारलंत, ऐका आता.

कॅसेटचा आहे. खाली वीसेक लिटरचा बंद डबा, बाहेरच्या बाजूने छोटं दार उघडून ओढून काढायचा. त्याला चाकं आणि ओढायचा दांडा असतो, अगदी ट्रॉली बॅगसारखा. शेतावर चांगला संडास होता, आईने पहिल्या दिवशीच जाहीर केलं की ती ‘स्वयंपाकघराच्या चार फुटांवर’ जाणार नाही. पण रात्री मुलं वापरत होती.

तो डबा रिकामा कुठे करायचा याचा विचार मी केला नव्हता. गटारात किंवा रस्त्याच्या कडेला ओतणं मनाला पटेना, शेतकऱ्याच्या शोषखड्ड्यात आमच्या डब्यातलं निळं औषध गेलं तर खड्ड्यातले जंतू मरतील असं वाचलं होतं. म्हणून घरी आणला. रविवारी रात्री अकराला लिफ्टमध्ये मी आणि तो डबा. सातव्या मजल्यावरचे काका भेटले. “फिरून आलात वाटतं! बाकी सामान?” म्हटलं, एवढंच. म्हणाले, “द्या, मी घेतो, तुम्ही दमला असाल,” आणि दांडा हातात घेतला. सातवा ते अकरावा मजला मी त्यांच्याशी भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाबद्दल बोलत होतो. १९२६ साली पूर्ण झालं, शंभर वर्षं होतील, दगडी बांधकाम वगैरे. त्यांनी दारापर्यंत आणून दिला. वर म्हणाले, “चांगली दणकट बॅग आहे. कुठून घेतली?”

---

नुसता वाचक | गुरुवार, रात्री ९.५८

ऑफिसच्या बसमध्ये मोठ्याने हसलो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

---

खोपट डेपो | गुरुवार, रात्री १०.१५

काकांना सांगितलंत का नंतर?

---

सुगरण नाही मी | गुरुवार, रात्री १०.२२

नाही. आणि ते इथे वाचत नसावेत अशी माझी प्रार्थना आहे. यापुढे जैविक औषध वापरायचं आणि जागेच्या मालकांना विचारून तिथल्या संडासातच ओतायचं, असं ठरलंय.

---

ऐरोलीकर | शुक्रवार, सकाळी ८.३०

होळीला थेट बाहेर पडण्याआधी एक रात्र सोसायटीतच गाडीत झोपून बघा. वर घर आहे, काही बिघडलं तर चप्पल घालून लिफ्टने घरी. आम्ही नेरुळला बिल्डिंगखाली दोन रात्री काढल्या होत्या. पहिल्या रात्री कळलं की उशाशी चार्जिंगचा प्लगच नाही आणि मधल्या पलंगाचा पाय निसटतो. हे सगळं तुम्ही भंडारदऱ्याला जाऊन शोधलंत.

---

चाकावरचं घर | रविवार, सकाळी ११.१०

ऐरोलीकर, ऐकलं तुमचं. काल रात्री जनरेटर रूमशेजारी पाचही जण गाडीत झोपलो. सेक्रेटरींना आधी सांगितलं होतं, तरी वॉचमनने दोनदा टॉर्च मारून बघितलं.

बटणांच्या फळ्यावर कन्येने मराठीत पट्ट्या चिकटवल्या आहेत, मोठ्या अक्षरात. ‘पाणी मोटर’, ‘इन्व्हर्टर’, ‘ओट्यावरचा दिवा’. एकावर ‘बाबांना विचारा’ असं होतं, ते बायकोने खोडून ‘पंखा’ लिहिलं. खिट्ट्या तपासायचं काम चिरंजीवांचं. निघताना तो सगळे खण ओढून बघतो आणि ‘डबल बेल’ ओरडतो, त्याआधी मी गाडी सुरू करायची नाही असा नियम आहे. बादली ठेवून वळून बघितलं, खोपट डेपो. बादली गेली.

रात्री पाऊणला पंप एकदा वाजला. मी उठायच्या आत आईने बटण बंद केलं होतं. सकाळी टिश्यू फिरवला, मोरीच्या नळामागचा सांधा ओला लागला, अर्धा आटा आवळला. किटली घरीच ठेवली आहे. मिक्सर आईने गाडीत चढवलाय.

---

सानपाड्याची काकू | रविवार, सकाळी ११.४५

आणि गोधड्या?

---

सुगरण नाही मी | रविवार, दुपारी १२.०५

वाळल्या. पण गाडीत देणार नाही म्हणाल्या. सोलापुरी चादरी न्या म्हणतात.